मिक्स सहा, अप

दिवाळी अंकासाठी कामाचा अनुभव लिहून पाठवा, असा निरोप आला तेव्हा तो चुकून माझ्याकडे आला असावा असं मला वाटलं. असे लेख मी वाचले आहेत. ते आयुष्यभर नोकरी केलेल्या माणसांचे असतात, आणि त्यांच्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ असतं. मी खामगावला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. माझं काम फक्त शनिवार-रविवारचं आहे. पण काम जरा वेगळं आहे हे खरं, म्हणून धीर करून लिहिते.

मी एका रेल्वेवर खामगाव स्टेशन चालवते. ती रेल्वे टेबलावर मावते.

खामगावात बंद पडलेल्या एका जिनिंगच्या, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याच्या, आवारात एकमेकींना लागून दोन खोल्या आहेत. काकांनी त्या भाड्यानं घेतल्या आहेत. मी त्यांना काका म्हणते, सगळेच म्हणतात. त्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. ते मुलाच्या हाती दिल्यावर त्यांनी या खोल्यांत जलंब ते खामगाव ही रेल्वेची फांदी बसवली, वाफेच्या इंजिनांच्या काळातली. मुंबई-नागपूर मोठी लाइन जलंबवरून जाते, खामगाव जरा बाजूला राहतं. कापसासाठी म्हणून तेव्हा जलंबहून इथपर्यंत रूळ टाकले, आणि आजही त्या रुळांवर एक छोटी गाडी ये-जा करते. काकांची गाडी तिच्याहून सत्त्याऐंशी पट लहान आहे. अंतरही त्याच प्रमाणात ठेवलं असतं तर टेबल बाजार समितीपर्यंत गेलं असतं, म्हणून त्यांनी मधली शेतं कापून टाकली. एका खोलीत जलंब, दुसऱ्या खोलीत खामगाव. मधल्या भिंतीला भोक, आणि भोक दिसू नये म्हणून दोन्ही बाजूंना तारेच्या बाभळी.

ती भिंत महत्त्वाची आहे. जलंबच्या माणसाला खामगाव दिसत नाही आणि खामगावच्या माणसाला जलंब दिसत नाही. खऱ्या रेल्वेतही असंच होतं ना, असं काका म्हणतात. दोघांच्या मध्ये एक फोन आहे आणि एक घंटी.

आमच्या अमडापूरला रेल्वे नाही. बुलढाण्यालाही नाही. कॉलेजात प्रवेश घेतल्यावर मी पहिल्यांदा रेल्वेत बसले ती खामगाव-जलंब-खामगाव, काही काम नसताना. त्यामुळे भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेबाहेर ‘डाग देता येणारा विद्यार्थी पाहिजे, रेल्वेच्या कामासाठी’ अशी चिठ्ठी दिसली तेव्हा मी दोनदा वाचली. डाग देणं म्हणजे तार वितळत्या कथलानं जोडणं, ते मला प्रयोगांमुळे येत होतं. काकांनी मात्र डाग देऊन दाखव असं म्हटलंच नाही. त्यांनी फोन हातात दिला आणि म्हणाले, “म्हण, पॅसेंजर एक, डाऊन.”

मी म्हटलं.

“इंजिनालेही ऐकू नाही आलं,” ते म्हणाले. “पुन्हा.”

घरी आणि शाळेत हळू बोलणारी मुलगी चांगली समजली जाते. मोठ्यानं बोलायचं हे माझ्या कामातलं सगळ्यात कठीण काम होतं. डाग देणं त्यामानानं काहीच नाही.

आता आकड्यांबद्दल सांगायला हवं, कारण सगळं त्यांच्यावर चालतं. आमच्याकडे इंजिन एकच आहे, डबेही मोजकेच. तेच इंजिन दिवसभर इकडून तिकडे जातं. मग कोणती गाडी आली आणि कोणती निघाली हे ओळखायचं कसं? पाहुण्यांना वाटतं की नंबर इंजिनाचा असतो. नंबर फेरीचा असतो. जलंबहून खामगावकडे येणारी फेरी डाऊन, तिचा आकडा विषम. खामगावहून जलंबला जाणारी अप, तिचा आकडा सम. आकड्याच्या आधी गाडीची जात: पॅसेंजर, माल किंवा मिक्स. मिक्स म्हणजे माणसांचे डबे आणि कापसाचे वॅगन एकाच गाडीला. मिक्स पाच डाऊन खामगावला येऊन थांबली की तिचं आयुष्य संपतं. मी चिमट्यानं तिच्या इंजिनावरची नखाएवढी पाटी काढते, सहाची लावते, इंजिन दुसऱ्या टोकाला नेऊन जोडते. मग ती मिक्स सहा, अप होते.

प्रत्येक गाडीच्या शेवटच्या डब्यामागे एक पिवळी पाटी असते. तिच्यावर एल.व्ही. लिहिलेलं असतं, म्हणजे हा शेवटचा डबा, यामागे काही नाही. खऱ्या गाडीलाही ती असते, कधी फाटकाशी उभे असाल तर बघा. पिवळी पाटी दिसली म्हणजे गाडी पूर्ण आली. ती दिसली नाही तर काहीतरी मागे राहिलं. जिथून गाडी निघाली तिथल्या माणसालाही तोच नियम: पाटी आपल्या फलाटावरून गेली म्हणजे लाइन मोकळी.

आणि शेवटची पद्धत. गाडी सोडायच्या आधी फोनवर तिचं नाव घ्यायचं: “मिक्स सहा, अप.” समोरच्याची लाइन मोकळी असेल तर तो तेच शब्द जसेच्या तसे परत म्हणतो. ‘हो’ म्हणायचं नाही, ‘येऊ द्या’ म्हणायचं नाही. ‘हो’ सवयीनंही निघून जातं, काका म्हणतात, पण तेच शब्द परत म्हणायचे तर माणसाला ऐकावं लागतं. शब्द परत आले की पाठवणारा दोनदा घंटी देतो आणि गाडी हलते. भिंतीपर्यंत पाठवणारा चालवतो, भिंतीपलीकडे घेणारा. लाइन मोकळी नसेल तर समोरचा ‘नाही’ म्हणतो. कारण सांगायचं नाही. फोनवर बाकी गप्पा बंद.

हे आकडे त्या काळी खरोखर तसेच होते का, असं कोणी विचारलं तर आम्हाला छातीठोक सांगता येत नाही. अप-डाऊन आणि सम-विषम खरं आहे, फांदीवरचे नेमके आकडे काकांनी जुन्या माणसांना विचारून, काही अंदाजानं, बसवले आहेत. एकदा एक म्हातारे गृहस्थ आले होते, लोको शेडमध्ये काम केलेले. रात्रीच्या गाडीला पुढे दिवे कसे लावायचे ते सांगतो, पुढच्या रविवारी येतो म्हणाले. मी त्यांचा पत्ता विचारला नाही. ते आले नाहीत. आमच्या गाड्यांना अजून रात्र नाही.

बाकी येणारे लोक म्हणाल तर तऱ्हेतऱ्हेचे. एक बाई पिशव्या घेऊन आल्या आणि शेगावला जायला कोणती गाडी म्हणून विचारू लागल्या. बाहेरची ‘खामगाव स्टेशन’ ही पाटी त्यांनी खरी धरली होती. काकांनी त्यांना पाणी दिलं आणि ऑटोत बसवून दिलं. दोन मुलं मोबाइल घेऊन आली, त्यांना टक्कर पाहिजे होती. समोरासमोर धडक, नाहीतर लोक व्हिडिओ बघत नाहीत म्हणाले. आमची सगळी व्यवस्था टक्कर होऊ नये म्हणून आहे, हे मी त्यांना समजावत राहिले. त्यांना त्याचं फार वाईट वाटलं. एक नवरा-नवरी लग्नाआधीचे फोटो काढायला आले. तो जलंबला वाकला, ती खामगावला वाकली, आणि फोटोवाला मधल्या भिंतीशी डोकं धरून उभा राहिला.

आणि जिनिंगची रुई. ती बंद होऊन किती काळ लोटला, तरी वाऱ्यासोबत कुठल्या तरी सांदीतून तंतू येतात आणि रुळांवर बसतात. रूळ स्पिरिटच्या फडक्यानं पुसणं हे माझं सकाळचं पहिलं काम. मला ते आवडतं.

बाबांना हे काम आहे असं वाटत नव्हतं.

माझे बाबा गवंडी आहेत. अमडापूर, उंद्री, चिखलीपर्यंत त्यांनी बांधलेल्या भिंती आहेत. आई मळ्यांत भाजी तोडायला जाते. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेली मी पहिली. बाबांनी मला शिकवताना कधी मागेपुढे पाहिलं नाही, पण दुसरं वर्ष संपत आलं तसे ते गप्प झाले. बाबा गप्प झाले म्हणजे काहीतरी चाललेलं असतं. मग आईनं फोनवर सांगितलं की मोठ्या मामांनी बुलढाण्याला कोर्टाजवळ टायपिंगच्या दुकानात माझ्यासाठी जागा बघितली आहे. मामांच्या घरी राहायचं, दिवसभर कॉम्प्युटरवर बसायचं, शेवटचं वर्ष बाहेरून द्यायचं. मे महिन्यातच रुजू व्हायचं होतं.

मी बाबांना फोन केला. शेवटचं वर्ष प्रयोगांचं असतं, ते बाहेरून होत नाही, असं सांगितलं. खामगावला माझं कामही आहे म्हटलं.

“खेळणं चालवाचं काम,” बाबा म्हणाले. “पाहू.”

बाबांचं ‘पाहू’ कुठेही जाऊ शकतं. मी त्यांना काहीही विचारलं की ते ‘पाहू’ म्हणतात, नाहीतर ‘हं’ म्हणतात, आणि मग एक दिवस गोष्ट ठरलेली असते. यावेळी त्यांनी एवढंच सांगितलं की रविवारी येतो, तुझ्या त्या काकांना भेटतो. माझी सामानाची पेटी न्यायला येत आहेत की नाही, हे मला कळलं नाही. मी विचारलंही नाही.

त्या रविवारी नेमकी गर्दी होती. बुलढाण्याहून उन्हाळी शिबिराची मुलं येणार होती. पुण्याहून एक पाहुणे आले होते, निवृत्त इंजिनिअर, त्यांच्या घरी स्वतःची अशीच रेल्वे आहे आणि ते आमची बघायला मुद्दाम आले होते. जलंब चालवणारा तौसीफ बहिणीच्या लग्नाला गेला होता. काका जलंब घेणार होते, पण मग पाहुण्यांकडे कोण बघणार? कुलर घरघरत होता, बाहेर ऊन तापलं होतं, आणि पहिली गाडी सोडायच्या आधी दारात बाबा उभे. खांद्यावर पांढरा रुमाल, हातात वांग्यांची पिशवी.

“जय भीम,” ते काकांना म्हणाले.

“जय भीम, या या. प्रज्ञाचे वडील ना? बरोबर वेळेवर आले तुम्ही. जलंबले बसता का?”

बाबांना वाटलं जलंबला जायला सांगत आहेत. ते म्हणाले की मले संध्याकाळच्या गाडीनं वापस जाचं हाये. काकांनी त्यांचा हात धरून त्यांना पलीकडच्या खोलीत नेलं, खुर्चीवर बसवलं आणि समजावून सांगितलं: हा फोन, ही घंटी, हे वेग वाढवायचं बटण, हळू फिरवायचं. ती पिवळी पाटी तुमच्या फलाटावरून गेली की लाइन मोकळी. दिसत असेल तर मोकळी नाही. आलेले शब्द जसेच्या तसे म्हणायचे, नाहीतर ‘नाही’ म्हणायचं. डब्यांना हात लावायचा नाही, कोणीही सांगितलं तरी. भूकंप आला तरी.

मी दारातून बघत होते. बाबांनी वांग्यांची पिशवी खुर्चीखाली सरकवली आणि टेबलाच्या कडेवरून एक डोळा मिटून रुळांकडे पाहिलं, भिंतीची ओळ बघतात तसं. मग म्हणाले, “लेवल बरोबर हाये.” काका खूश झाले.

पहिल्या चार फेऱ्या नीट झाल्या. फोनवर बाबांचा आवाज अनोळखी माणसाशी बोलल्यासारखा यायचा, “पॅसिंजर दोन, अप,” आणि मुलं हसायची, कारण बाबा ‘पॅसिंजर’ म्हणायचे. मीही आधी तसंच म्हणायचे. पुण्याच्या पाहुण्यांसमोर माझ्या तोंडून ‘मले’ निघू नये म्हणून मी मात्र दिवसभर कमी बोलत होते. फोनवर ते बरं होतं, तिथे फक्त गाड्यांची नावं घ्यायची होती.

मग जलंबहून मिक्स पाच, डाऊन आली.

ती भिंतीतून आत आली तेव्हा शिबिराची अर्धी मुलं माझ्या टेबलाभोवती होती. एकाला इंजिनाची शिट्टी कुठून येते ते बघायचं होतं, एक मुलगी फलाटावरच्या चहावाल्याला हात लावत होती. मी गाडी फलाटाला लावली. काका मागून म्हणाले, सहा लवकर सोड, पोरांना दोन्ही बाजू बघायच्या आहेत. नेहमी मी आधी पाट्या बदलते, इंजिन फिरवते, आणि मग फोन उचलते. त्या दिवशी वेळ वाचवायला आधीच फोन उचलला.

“मिक्स सहा, अप.”

मग बाबांचा आवाज आला.

“नाही.”

मुलं माझ्याकडे बघू लागली. ‘नाही’ त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं होतं. तसं पाहिलं तर ‘नाही’ येणं काही मोठं नाही, लाइन मोकळी नसेल तर येतं. पण जलंबच्या फलाटावर काही असायचं कारणच नव्हतं. एकच गाडी होती आणि ती माझ्यासमोर उभी होती. मी थांबले, मग पुन्हा म्हटलं.

“मिक्स सहा, अप.”

“नाही.”

पलीकडच्या खोलीत कोणी तरी काही बोलत होतं, शब्द कळत नव्हते. मला खोटं लिहायचं नाही, म्हणून सांगते. त्या वेळी मला गाडी आठवली नाही. मला वाटलं हे बाबांचं उत्तर आहे. ते दोन महिने ‘पाहू’ म्हणत होते, आणि आता, इतक्या लोकांत, फोनवर, त्यांनी सांगितलं. मी पेटी भरायची. सोमवारी बुलढाणा.

पुण्याचे पाहुणे दारातून आत आले. ते रागावले नव्हते, पण त्यांना आश्चर्य वाटत होतं. “अहो, ते ऐकत नाहीत,” ते काकांना म्हणाले. “मी म्हटलं हाताने उचलून बाजूला ठेवा, मुलं खोळंबली आहेत. ते म्हणतात हात लावाचा नाही.”

काय उचलून, हे मी विचारलं नाही. काकांनीही विचारलं नाही. ते फक्त माझ्याकडे बघून म्हणाले, “तो नाही म्हणतो ना? मग नाही.”

करायला काहीतरी पाहिजे म्हणून मी चिमटा उचलला. पाट्या तरी बदलाव्यात. इंजिनावरची पाचची काढली, सहाची लावली. मग शेवटच्या डब्याची पिवळी पाटी काढायला गाडीच्या मागच्या टोकाला गेले, आणि चिमटा हवेतच राहिला. शेवटी कापसाचा वॅगन होता. त्याच्यामागे पाटी नव्हती. ज्याच्यामागे पाटी असते तो गार्डचा डबाच नव्हता.

बाबांनी गाडी सोडताना बटण झटक्यात फिरवलं असणार. विटा-सिमेंटचा हात तो. कडी निसटली, गाडी निघून गेली, आणि गार्डचा डबा जलंबच्या फलाटावर तसाच उभा राहिला, दारात हिरवा झेंडा धरलेल्या बोटाएवढ्या गार्डसकट. आणि मी गाडी येताना पाटी बघितलीच नव्हती. खऱ्या लाइनवर असं झालं असतं आणि जलंबनं ‘हो’ म्हटलं असतं, तर सहा नंबर त्या डब्यावर जाऊन आदळली असती.

काकांच्या नियमात अशा वेळेसाठी एक शब्द आहे. तो मी शिकले होते, पण कधी वापरला नव्हता. फोन उचलला.

“मिक्स पाच, अपुरी.”

हा शब्द बाबांना कोणी सांगितला नव्हता. पण त्यांनी तो जसाच्या तसा परत दिला.

“मिक्स पाच, अपुरी.” आणि मग, गप्पांना बंदी असूनही, हळूच, “गार्ड माह्यापाशी हाये बाई. त्याले म्हणलं बस, येईन तुही गाडी.”

मला हसू आलं. मुलांना काय झालं ते काकांनी मोठ्यानं सांगितलं, आणि मग जे झालं ते त्यांना ठरलेल्या कार्यक्रमापेक्षा जास्त आवडलं. गार्डला आणायला आता इंजिन एकटं जाणार होतं. मी त्याला गाडीपासून सोडवलं, मोकळं केलं, आणि नाव घेतलं: “इंजिन, अप.” इथे नियम जरा वेगळा आहे, भरलेल्या फलाटावर एकटं इंजिन घेतलेलं चालतं, पण फलाटाबाहेर एकदा पूर्ण थांबून मग. काका ते सांगायला पलीकडे गेले. बाबांनी त्यांचं ऐकून घेतलं, विचार केला, आणि मगच म्हणाले, “इंजिन, अप.”

मी दोनदा घंटी दिली. इंजिन बाभळीतून भिंतीत शिरलं आणि माझ्या हातातून गेलं.

पुढचं मी बघितलं नाही, मला नंतर सांगितलं. बाबांनी इंजिन फलाटाबाहेर थांबवलं. मग बटणावर दोन बोटं ठेवून ते इतकं हळू फिरवलं की मुलांना ते हलतंय हेच कळेना. पुण्याचे पाहुणे म्हणाले, जरा वेग द्या. बाबा म्हणाले, “साहेब, विटीले वीट लावतानी धाव नसते घेत.” कडी बसल्याचा बारीक टक् आवाज झाला, आणि त्यानंतर भिंतीपलीकडून टाळ्या आल्या, त्या मी ऐकल्या. गार्ड खामगावला आला. मी त्याला गाडीच्या मागे लावला, पिवळी पाटी दोनदा बघितली, मुलांनाही बघायला लावली, आणि तिसऱ्यांदा फोन उचलला.

“मिक्स सहा, अप.”

“मिक्स सहा, अप.”

दुपारनंतर पुण्याच्या पाहुण्यांनी जलंबला बसायची इच्छा दाखवली. बाबांनी उठून खुर्ची दिली, पण जागचे हलले नाहीत. मागे उभं राहून, “पिवळी पाटी पाहजा,” असं दोनदा सांगितलं. पाहुणे हसले, पण पाटी बघत होते. पुण्यात त्यांच्याकडे मधे भिंत नाही म्हणाले. घरी गेल्यावर घालायची म्हणतात.

काकांनी बाबांना चहा दिला. मला वाटलं आता माझ्याबद्दल बोलणं निघेल. निघालं नाही. ते दोघं टेबलाखाली वाकून लाकडी पाय बघत होते. एक पाय उन्हाळ्यात आकसतो, काका सांगत होते, आणि बाबा म्हणत होते की खाली पाचर मारा, पुढच्या बारीले मी आणतो. वांगी काकांकडे राहिली.

संध्याकाळी मी बाबांना एस.टी. स्टँडवर सोडायला गेले. चिखलीची गाडी लागलेली होती, ती अमडापूरवरून जाते. स्टँडच्या दाराशी बाबांनी विचारलं, “तू त्या फोनवर रोज असं मोठ्यानं बोलतं?”

“शनिवार-रविवार.”

“घरी त आवाज नाही निघत तुह्या तोंडातून.”

मग म्हणाले, “साहेब म्हणे उचलून ठेवा. मी आयुष्यभर ठेकेदाराले ‘हाव साहेब’ म्हणत आलो, बाई. इथं नाही म्हणलं त कोणी रागावलं नाही. तुहा काका त बोललाही नाही काही.”

ते गाडीत बसले, खिडकीशी. पेटीचा विषय निघाला नव्हता. त्यांनी मला सोबत चल असंही म्हटलं नव्हतं, आणि राहा असंही नाही. कंडक्टर मागच्या बाजूला तिकिटं फाडत होता. गाडी सुटली की पुन्हा ‘पाहू’ होणार, आणि मग मामांचा फोन येणार, हे मला दिसत होतं. मी खिडकीखाली उभी होते. बाबांशी कसं बोलायचं हे मला कधी नीट आलं नाही. मग मला जे येत होतं ते मी केलं. पायांवर नीट उभी राहिले आणि स्टँडवर ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हटलं,

“अजून एक वर्ष, खामगाव.”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. शेजारच्या बाईंनीही पाहिलं. त्यांनी रुमालानं तोंड पुसलं, समोर बघितलं, पुन्हा माझ्याकडे बघितलं. ते ‘हं’ म्हणाले नाहीत. ‘पाहू’ म्हणाले नाहीत.

“अजून एक वर्ष,” बाबा म्हणाले, “खामगाव.”

मागून कंडक्टरनं दोनदा घंटी दिली.